बंगल्याची उघडी कौलं

रंगूबाईच्या तोंडाला लागू ने, असं आमच्या गावात म्हनत्यात. म्हनूं द्यात बापडी. जिच्या दारात लोक रोज यून तेच तेच बोलत्यात, 'आता किती वाट बघायची गं बाई', तिच्या तोंडाला धार येनारच. मी काय जलमाची फटकळ न्हवते. लोकांनी केली.

आमचं गाव कोरेगावापास्नं बैलगाडीनं अर्ध्या दिसाच्या वाटंवर. घरटी एक गडी पलटनीत. आमचं धनीबी गेलं. त्यांचं खरं नाव मी घेत न्हाई. बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ ने अशी रीत हाय. लग्नात उखान्यात एकदा घेतलं, तेबी जावा-नंदा दार अडवून बसल्या म्हनून. माजं सासरं त्यांना गुंडा म्हनायचं, तवा तुमीबी गुंडाच म्हना. तर लढाई पेटली आन् त्यांची पलटन बोटीत बसून सिंगापुराकडं गेली. तितं जपान्यांनी समद्यांना धरलं. त्यानंतर ना कागद, ना निरोप. लढाई सपली, धरल्याली मानसं एकेक करून माघारी आली. कुनी निस्ता हाडांचा सापळा हून आला, कुनी डोळा घालवून आला, पन आलं. आमचं आलं न्हाईत. सरकारचा कागद तेवढा आला. मास्तरांनी वाचून दाखिवला, 'बेपत्ता, बहुतेक मेला असावा.'

बहुतेक! आवं, मेला का जिता ते सांगा की. बहुतेक म्हंजी काय? मी बहुतेक कुंकू लावू का बहुतेक पुसू?

घरात मानसं दोनच. मी आन् माजं सासरं हरिबा. सासू माज्या लग्नाआधीच गेल्याली. लेकरूबाळ न्हाई. लगीन झालं, अंगाची हळद निघतीया तवर हे रजा सपवून गेलं, पुन्यांदा एकदा आलं आन् गेलं ते गेलंच. मामंजी थोडं बोलायचं, पन बोललं म्हंजी काळ्या दगडावरची रेघ. मला रागानंबी कवा 'अगं'च्या म्होरं बोललं न्हाईत. जत्रंतनं माज्यासाठी बांगड्या आनायचं आन् चुलीम्होरं ठिवून निघून जायचं, हातात द्यायला लाजायचं.

शेहेचाळीस सालचा भादवा हुता. पितरांचा म्हाळ तोंडावर आल्याला. एका सकाळी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठिवून मामंजी म्हनलं, "रंगू, पोरगं सपनात येतंया."

"कवापास्नं?"

"लय दिस झालं. दारात हुबं ऱ्हातंय. बा, पानी दे म्हनतंय. मी तांब्या घिऊन उठतो, तवर जातंय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्येची क्रिया करायची म्हनतो मी. भटजीला इच्यारलंय. देह घावला न्हाई तर पळसाच्या पानांचा मानूस करायचा, त्येला अग्नी द्यायचा, मग धावा-तेरावा करायचा. म्हंजी ह्या म्हाळाला त्येला पानी पोचंल. किती दिस तान्हेला ठिवायचा पोराला?"

माज्या हातातलं पीठ परातीतच ऱ्हायलं. म्या म्हनलं, "आन् जितं आसलं तर?"

"लढाई सपून वरीस झालं, पोरी."

"पानं जाळली की माजं कुंकू गेलं. ते म्हाईत हाय न्हवं?"

"तुजं कुंकू काय मला जड झालंय व्हय गं?" मामंजी म्हनलं, "लालासाहेबांनी केलंच की. येवढा वाघाच्या काळजाचा मानूस. मानसिंग येकुलता येक, पैल्या लढाईत बसऱ्याला गेला तो घावला न्हाई. छातीवर धोंडा ठिवून क्रिया केली त्यांनी. डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई. मी हुतो तितं. पळसाची पानं मीच तोडली हुती. जे मालकांना जमलं ते मला जमाय नगं?"

लालासाहेब म्हंजी आमच्या गावचं इनामदार. ते जाऊन लय वर्सं झाली, पन अजून कुनाच्या घरात मर्तिक झालं की म्हातारी मानसं सांगत्यात, रडू नगंस, लालासाहेबांना आठीव.

त्याच दुपारी वढ्याला धुनं घिऊन गेले तर शेजारची सुलाबाई भेटली. तिच्या पोटात तीळ भिजत न्हाई. म्हनली, "रंगे, येक ध्येनात ठिव. क्रिया झाल्यावर मानूस माघारी आला तर त्येला उंबऱ्यातनं आत घेत न्हाईत. मेल्याला दारातनं कसा घ्यायचा? घरची कौलं काढायची आन् वरनं शिडीनं आत उतरवायचा. मग बाळंतपनातल्या पोरावानी न्हाऊ घालायचा, पाळन्यात डोस्कं टेकवायचं, कानात कुर्र करून नाव ठिवायचं. तवा तो नव्यानं जलमला. माज्या म्हायेरी पैल्या लढाईतनं एक गडी आसाच आल्ता. बायकूसंगं लगीनबी पुन्यांदा लावलं त्येचं."

"आन् तवर बायकूनं काय करायचं?"

"काय करनार? पांढऱ्या कपाळानं बसायचं."

"तुज्या दादल्याला घाल पाळन्यात," म्या म्हनलं आन् पिळा तिच्या अंगावर पानी उडंल आसा आपटला. पन घरी येताना पाय चालंनात. आपल्याच घराच्या कौलांकडं बघत अंगनात हुबी ऱ्हायले. हे येनार, दारात हुबं ऱ्हानार आन् मी आतनं म्हननार, थांबा, तुमाला दारातनं येता येत न्हाई. आसं बोलायची पाळी माज्यावर यावी व्हय!

दुसऱ्या दिशी मामंजींनी ईळा कनवटीला खोचला आन् निघालं. कुठं ते म्या इच्यारलं न्हाई. माळावरचं पळस लढाईत कोळशाला गेल्यालं. एकच पळस ऱ्हायला हुता, लालासाहेबांच्या बंगल्याच्या आवारातला, आन् तो ऱ्हायला भुताच्या भ्यानं.

बंगल्याची गोष्ट आशी. लालासाहेब एकदा सायबांच्या पंगतीला महाबळेश्वरी गेलं आन् तिकडचे बंगले बघून आलं. गावातला राहता वाडा भावाला दिऊन टाकला आन् गावाभाईर टेकाडावर बंगला बांधला. खांबांची ओसरी, माडी, मंगळुरी कौलं, रंगीत काचा. दिवानखान्यात सायबांवानी भिंतीत धुराडं. आमच्या गावात वैशाखात कुत्र्याची जीभ आत जात न्हाई, तितं शेकायला धुराडं! लोक हसायचं, पन मालकाम्होरं न्हाई. पुढं मानसिंग गेला, सून गेली, मालकीनबाई गेल्या आन् बंगल्याला अवकळा आली. मालकांच्या माघारी वारस म्हनून सांगलीकडचं कोन लांबचं भाऊबंद ऱ्हायलं, त्यांनी ढुंकून बघितलं न्हाई. मग गावानं बघितलं. निम्म्या गावाच्या दारांना बंगल्याच्या कड्या हायती. पन माडीवर चढायची कुनाची छाती झाली न्हाई. मालकांच्या हयातीतच लोकांनी ऐकलं हुतं, दिवेलागनीला वर रिकामा पाळना कुरकुरतोय. सून मनुबाई पोटुशी हुती आन् आडात पडली, तिचं ते लेकरू, आसं सांगायचं.

मी मामंजींच्या मागनं गेले. आभाळ काळं झालं हुतं. आवारात गवत कंबरंइतकं. मामंजी पळसाखाली हुबं ऱ्हायलं, फांदी खाली वढली आन् ईळा उचलला. माज्या पायाची आग मस्तकात गेली. म्या धावत जाऊन त्यांचा हात धरला. सुनंनं सासऱ्याचा हात धरू ने, पन धरला.

"सोड, रंगू."

"न्हाई सोडत. आधी माजा हात तोडा."

"आगं, मला काय हौस आलीया? पोरगं माजं हाय!"

"आन् माजं कोन हाय? सांगा की, माजं कोन हाय?"

तवर पावसाची सर आली. मामंजींनी हात सैल सोडला. भिजत भांडन्यात काय अर्थ, म्हनून आमी दोगंबी ओसरीत पळालो. तितं तबेल्याकडनं कुनी तरी पोत्याची खोळ घिऊन काठी टेकत आलं. भामाबाई हुती. लालासाहेबांची जुनी कामवाली. तिला कुनी न्हवतं, ती तवाबी तितंच तबेल्यात ऱ्हायची आन् गावात आली तर भूतवाली म्हनून पोरं लांब पळायची.

"कोन हाय त्ये?"

"मी हरिबा."

भामाबाईनं मामंजींच्या हातातला ईळा बघितला. "पुन्यांदा आलास व्हय पानं न्यायला? आता कुनाची?"

"माज्या गुंड्याची."

म्हातारीनं काठी माडीकडं केली. मग म्हनली, "आधी वर चल. वर काय हाय ते बघ. मग खाली यून काय तोडायचं ते तोड. मी आडवायची न्हाई."

मामंजी नगं म्हनत हुतं. म्या म्हनलं, "आवं, पाऊस हाय तवर तरी चला," आन् पदर खोचून म्होरं झाले. खरं सांगू? मलाबी भ्या वाटत हुतं. पन पानं तोडन्यापास्नं त्यांना जेवढा येळ लांब ठिवता यील तेवढा बरा, येवढंच डोस्क्यात हुतं.

दिवानखाना म्हंजी निस्ता उकिरडा झाल्याला. फरशीवर वाघळांची घान. खाली रंगीत फुलं हुती, पायानं माती सारली की दिसायची. धुराड्यात घुबडानं घर केल्यालं. भिंतीवर तसबिरींच्या जागा तेवढ्या पांढऱ्या ऱ्हायल्याल्या. मामंजी एकेका जागंला थांबायचं. "हितं मालकांची खुर्ची. हितं मी हुबा ऱ्हायलो हुतो त्या दिशी." मला त्यांचा राग आल्याला, तरीबी मी त्यांच्यासंगं थांबायची. त्यांनी तरुनपनी ह्याच बंगल्याच्या विटा वाहिल्या हुत्या.

जिन्याचा कठडा कुनीतरी नेल्याला. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत आमी वर गेलो. भामाबाई खालनंच सांगत हुती, "डाव्या हाताची खोली. तक्तपोशीच्या फळ्या कुजल्याती, भिताडाच्या कडंनं जावा."

डाव्या हाताची खोली उजेडानं भरल्याली. वर छप्परच न्हवतं. म्हंजी समदं गेल्यालं न्हवं, मधला चौक तेवढा मोकळा. तितनं पाऊस सरळ आत पडत हुता. त्या भोकाखाली जाडजूड शिडी, वरच्या वाश्याला काथ्यानं बांधल्याली. शिडीच्या पायाशी तांब्याचं घंगाळ, हिरवं पडल्यालं, पावसाच्या पान्यानं काठोकाठ. आन् कोरड्या कोपऱ्यात पाळना. शिसवी पाळना, लाखंच्या खेळन्यांचा, कड्याला अजून दोरी हुती.

मामंजी म्हनलं, "वाऱ्यानं छप्पर उडालं म्हनायचं."

"वाऱ्यानं न्हाई," म्या म्हनलं. मी भिताडाच्या कडंला बघत हुते. पडल्याली कौलं फुटत्यात, खापऱ्या हुत्यात. हितं एक खापरी न्हवती. समदी कौलं भिताडाला लागून एकावर एक नीट रचून ठिवल्याली, जसं काय उद्या पुन्यांदा चढवायची हायती.

शिडी. घंगाळ. पाळना. सुलाबाईचं बोलनं माज्या कानात वाजायला लागलं. मी तितंच खाली बसले.

"काय झालं गं?" मामंजी म्हनलं.

"मामंजी, ही कौलं मानसिंगसाठी काढल्याती. तो आला तर वरनं आत घ्यायला."

भामाबाई एव्हाना दम खात वर आली हुती. दाराला टेकून तिनं सांगितलं.

मानसिंगचाबी 'घावला न्हाई' आसाच कागद आल्ता. लालासाहेबांच्या सपनात तोबी यायचा, पानी मागायचा. मालकांनी क्रिया करायचं ठरीवलं. सून मनुबाई त्यांच्या पाया पडली. म्हनली, मामंजी, माजं काय करायचं ते करा, पन त्यांना घराचं दार बंद करू नगा. मालकांनी ऐकलं न्हाई. मनुबाईचं कुंकू पुसलं. ती म्हायेरी गेली आन् मानमोडीच्या तापाच्या साथीत तितंच मेली. पोटुशी न्हवती आन् आडातबी पडली न्हाई. मग लढाई सपली आन् शेजारच्या गावातला एक गडी माघारी आला. त्येचीबी क्रिया झाल्याली. तुर्कांनी धरून नेलं हुतं त्येला. त्येच्या घरची कौलं काढून त्येला आत उतरीवला, ते बघायला पंचक्रोशी लोटली. लालासाहेबबी घोड्यावर बसून गेल्तं.

"यून जेवलं न्हाईत," भामाबाई म्हनली. "दुसऱ्या दिशी माडीवर चढलं आन् सोताच्या हातानं कौलं काढली. गडी मदतीला गेलं तर त्यांच्यावर वराडलं. मानसिंगचा बारशाचा पाळना अडगळीतनं काढाय लावला. घंगाळ मीच वर आनलं. पावसाळा आला, मालकीनबाई रडल्या, म्हनल्या घर पडंल, कौलं घाला. म्हनलं, पडू दे. एक रात कौलं घातली आन् त्याच राती आला तर? मग दर पावसाला जिमीन कुजली, भिताडं कुजली. मालकीनबाई गेल्या. मालक रोज दिवेलागनीला हितं यून बसायचं आन् पाळन्याची दोरी वढायचं. रिकामा पाळना हलवू ने म्हनत्यात. मी म्हनलं बी एकदा. मला म्हनलं, भामा, रिकामा हाय म्हनून कोन म्हनतंय?"

मामंजी शिडीला धरून हुबं हुतं. "आमाला कुनाला बोललं न्हाईत."

"कुनाला बोलनार? समदं गाव म्हनत हुतं, वाघाच्या काळजाचा मानूस. तूच तर सांगत फिरायचास. मरताना मला म्हनलं, छप्पर उघडून काय हुतं गं, भामा. पोरगं आधी दाराकडंच यील न्हवं? दार बंद दिसलं की बिचारं निघून जाईल."

मामंजींचा ईळा हातातनं गळला. तक्तपोशीवर वाजला आन् कुजल्या फळीच्या भोकातनं खाली गेला. ते घंगाळाशी बसलं, आन् जलमात कवा रडल्यालं न्हवतं ते त्या दिशी ढसाढसा रडलं. वरनं पाऊस पडत हुता, म्हनून डोळ्यातलं कुठलं आन् आभाळातलं कुठलं कळंना. मला त्यांचा समदा राग गेला. मीबी रडले. भामाबाई तेवढी कोरडी हुती. तिचं रडून झाल्यालं.

डोळं पुसून मामंजी म्हनलं, "पन मग पोरगं तान्हेलं ऱ्हातंय, त्येचं मी काय करू, रंगू? क्रिया करू तर दार बंद हुतंया. न करू तर तहान ऱ्हातीया. बापानं काय करायचं?"

माजं तोंड गप बसंना. म्या म्हनलं, "उंबऱ्यावर पान्याचा तांब्या ठिवू. जितं आलं तरी पितील. सपनात येत्यात तसं आलं तरी पितील."

मामंजींनी माज्याकडं बघितलं. मग उठलं आन् भिताडाच्या कडंनं खाली उतरलं. पळसाखालनं जाताना त्यांनी वर बघितलंसुदिक न्हाई. ईळा बंगल्यातच ऱ्हायला.

त्या दिसापास्नं आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. दिवा लागला की मामंजी तांब्या भरायचं, उंबऱ्यावर ठिवायचं आन् दारात हुबं ऱ्हाऊन वढ्याच्या वाटंकडं तोंड करून हाक मारायचं, "गुंडाऽ! ये रं!" शेतातनं बैल सोडून येनारी मानसं थबकायची. म्हातारा खुळावला म्हनायची. भटजीनं यून सांगितलं, हे शास्त्रात न्हाई. म्या म्हनलं, "पन आमच्या घरात हाय. च्या घेता का?" सुलाबाई म्हनली, तांब्यातलं पानी सकाळी कमी दिसतंय का गं? म्या म्हनलं, मांजार पितंया. तिला खरं कशाला सांगू? मीसुदिक रोज सकाळी तांब्या उचलून, जड हाय का हलका, ते बघत हुते.

मामंजी आन् मी आता बोलायला लागलो. सांजच्याला उंबऱ्याच्या एका अंगाला ते, एका अंगाला मी. ते पोराच्या लहानपनीच्या गोष्टी सांगायचं, मी हसायची. कुंकू मी ठसठशीत लावायची. बघनारीनं बघावं.

दोन पावसाळं गेलं. तिसऱ्या पावसाळ्यात बंगला बसला. धडाका गावात ऐकू आला. भामाबाई आदल्याच वर्सी गेल्याली, ते बरं झालं. लोक सागवान आनायला पळालं. मामंजी गेलं न्हाईत. त्यांनी हातरून धरल्यालं. छातीत कफ, अन्न जात न्हवतं. त्यांच्या चुलतभावाचा पोरगा येऊन-जाऊन बसायचा. मामंजी गेल्यावर त्यांना अग्नी तोच देनार, दुसरं कोन हाय?

एका सांजंला मामंजींनी मला खुनावून जवळ बोलावलं. आवाज पार बसला हुता. म्हनलं, "अग्नी कुनीबी दिऊं दे, रंगू. अग्नीला वाट बघता येत न्हाई. पन धाव्याला माज्या नावानं पानी सोडायचं न्हाई. पिंडबी न्हाई. ते गुंडा आल्यावर त्येच दील."

"आवं, आसं काय बोलताय? आन् ते आलंच न्हाईत तर? तुमी तसंच..."

"तान्हेला ऱ्हाईन. पोरगं न्हाई का ऱ्हायलं?" वाईच दम घेतला. "मी त्येच्या आधी कसा पिऊ? दोगं मिळून पिऊ."

म्या तोंडात पदर कोंबला. ज्या मानसानं पोराची तहान भागवायला माजं कुंकू पुसायला काढलं हुतं, तोच मानूस माजं कुंकू ठिवून, पोराची तहान आपल्या अंगावर घेत हुता.

"दिवा लावलास?"

"लावला. तांब्याबी ठिवला."

"मग हाक मार. मला मारवत न्हाई."

"मी? मी कशी मारू? नाव कसं..."

"मार गं पोरी. ऐकू दे त्येला."

ह्या माज्या तोंडाला समदं गाव भितं, पन ते येक नाव तोंडातनं निघंना. दारात जाऊन हुबी ऱ्हायले. वढ्याकडची वाट अंधारत चालल्याली. आधी वठातल्या वठात म्हनलं. मग मामंजींच्या कानावर पडाय पायजे म्हनून डोळं मिटलं आन् बोंबलले, "गुंडाऽ! ये रं!" मामंजी म्हनायचं तसंच. अरं-तुरं करून. शेजारची सुलाबाई भाईर आली, तिनं मला बघितलं आन् डोस्क्यावर पदर घिऊन आत गेली.

मी माघारी वळले. मामंजी कान दाराकडं करून पडलं हुतं. हाकंला ओ यायची वाट बघावी तसं. मी म्हनलं, "मारली हाक, मामंजी." जवळ जाऊन बघितलं तर सपलं हुतं.

अग्नी पुतन्यानं दिला. धाव्याला भटजी पिंड घिऊन बसला, तवा मी नदीवर जाऊन म्हनलं, उठा, पानी सोडायचं न्हाई. केवढा गोंधळ झाला! बाईनं नदीवर यावं आन् आसं बोलावं? पुतन्या म्हनला, म्हाताऱ्याचं भूत करती का? गाव अजून म्हनतंया, रंगूबाईनं सासऱ्याला पान्याबिगर ठिवला. म्हनूं द्यात. त्यांना मामंजी काय बोललं ते म्हाईत न्हाई, आन् मी सांगायचीबी न्हाई. तुमी इच्यारलं म्हनून सांगितलं.

अजून दिवा लागला की मी तांब्या भरते, उंबऱ्यावर ठिवते आन् हाक मारते. आता तोंड अडखळत न्हाई. मग आतल्या कोपऱ्याकडं बघून म्हनते, मामंजी, वाईच थांबा, ते आलं की देतील. आमची कौलं शाबूत हायती, पावसाचा एक थेंब आत येत न्हाई. दार तेवढं मी लावत न्हाई, आन् थंडीत त्यातनं लय वारं येतं.